समासातलं अक्षर

कुरुंदवाडच्या शाळेत शिकवणाऱ्या सुरेखाबाईंना कोल्हापूरचे अण्णासो दर महिन्याला आपल्या दुकानातलं एक पुस्तक निवडून पाठवायचे. कुठलं, ते आधी सांगायचं नाही, असं ठरलेलं. पुडक्याची सुतळी सोडताना बाई लहान मुलीसारख्या हरखायच्या.

१९९८च्या जूनपासून पुस्तकांत शिसपेनीच्या खुणा दिसू लागल्या, बाईंना आवडतील नेमक्या त्याच ओळींखाली. मग एकदा समासात अक्षर आलं, आणि बाईंनी ते ओळखलं. वर्गमैत्रीण शांतव्वाचं. कॉलेजात तिची कथा स्वतःच्या नावावर देऊन बाईंनी बक्षीस मिळवलं होतं. सगळ्यांनी शांतव्वालाच खोटं ठरवलं, तेव्हा बाई गप्प बसल्या. ती शिक्षण सोडून गेली.

बाई दुकानात आल्या. "ही पुस्तकं आधी कुणी वाचतं का?"

"कोरी असत्यात की, बाई. हे बघा." अण्णासोंनी नवा गठ्ठा त्यांच्यासमोर फोडला, मधलं एक पुस्तक उघडलं आणि समासात शिसपेनीनं लिहिलेलं वाचलं, "सुरेखा, आता तरी सांग."

ते बाईंकडे बघत राहिले. "काय सांगायचं हाय?"

बाईंना मान वर करता येईना. अण्णासोंनी पुस्तक मिटून काउंटरवर ठेवलं. मिटलेल्या पानांच्या आत शिसपेन चालल्याचा आवाज येतच राहिला.