गुळगुळीत

"इतके बारीक ओरखडे कशाला धरायचे हिशेबात? पुसून टाका की!" काठी टेकत वेंडेल माझ्या कानाशी कुरकुरले.

क्लीव्हलंडच्या आमच्या प्रयोगशाळेत खुब्याचा नवा कृत्रिम सांधा संगणकावर चालत होता. सांध्याचा धातूचा गोळा गुळगुळीत धरला की वंगणाचा थर छान टिकायचा. कारखान्यातून येतो तसा खरखरीत धरला, की थर फाटून धातूवर धातू घासायचा. वेंडेल आमचे प्रमुख, त्यामुळे खरखर पुसली गेली. पुढच्या आठवड्यापासून तो सांधा पेशंटांना बसणार होता आणि मंजुरीवर फक्त सुरक्षा तपासणाऱ्या लोरेटाची सही राहिली होती.

"कर बाई सही एकदाची. कॉफी गार झाली तुझी," वेंडेल तिला म्हणाले.

"गार कॉफी चालते मला. खरा गोळा घालून पुन्हा चालवा, मग करते."

"म्हणजे आपल्या मॉडेलवर विश्वास नाही तुझा?"

त्यांच्या काठीकडे न बघता आम्ही सगळे टेबलाकडे बघत राहिलो. लोरेटाने पेन त्यांच्यासमोर सरकवलं.



"तुमचा आहे ना, वेंडेल? मग पुढच्या महिन्यातल्या तुमच्या ऑपरेशनला जुना सांधा का मागवलात?"