गुनोबे

"काकू, बघा तरी!" शेजारच्या ओरिएने मोबाईल किनुयोबाईंच्या नाकासमोर धरला.

एक डोळा, अंगभर केस, तोंडातून लाळ. कपाटात राहणारा राक्षस, गुनोबे.

"शी! किळसवाणं ध्यान!"

"किळसवाणं, पण गोड! म्हणून तर आम्ही याला किमोकावा म्हणतो. रोज याचं नवं चित्र येतं, काढतं कोण ते कुणालाच ठाऊक नाही. हा बाहेर येतच नाही. दाराशी ठेवलेलं खातो फक्त. आज मिसोतला बांगडा."

किनुयोबाई चपापल्या. बांगडाच ठेवला होता त्यांनी दुपारी, रेइजीच्या दाराशी. आठ वर्षं त्यांचा मुलगा त्या खोलीतून बाहेर आला नव्हता. आईशी चकार शब्द बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपळा शिजवला. संध्याकाळी गुनोबेनेही भोपळाच खाल्ला. आता काय शंका उरली?

खोटं नाव घेऊन त्यांनी चित्राखाली लिहिलं, "भोपळा छान झाला होता."

लगेच उत्तर आलं. "खरंच? फार बरं वाटलं."

बाई मोबाईल छातीशी धरून रडल्या. मग रोजचंच झालं ते. कधी पदार्थ जुळायचा, कधी नाही. न जुळला की त्या म्हणायच्या, लाजतोय, आईला ओळखू देत नाहीये.

तीन महिन्यांनी उत्तरात लिहून आलं, "रविवारी चित्रांच्या जत्रेत माझं टेबल आहे. खूप लोक असतील, माहितेय मला. पण तू येशील ना? मी वाट बघतो."

"नक्की येईन," बाईंनी लिहिलं.

रविवारी त्या सकाळीच निघाल्या. रेइजीच्या खोलीत सामसूम होती. त्याचे बूट जागेवर आहेत की गेले, हे बघायला त्यांनी बुटांचं कपाट मुद्दाम उघडलं नाही. उगाच दृष्ट लागायची.

सभागृहात पोरापोरींची ही गर्दी! गुनोबेच्या टेबलामागे टाय बांधलेले एक साठीचे गृहस्थ ताठ बसले होते.

"चित्रं काढणारा कुठे गेला हो?" बाईंनी विचारलं.

"मीच काढतो."

"तुम्ही नाही हो. तो मुलगा..."

"मीच, बाई." ते त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. "रागावू नका, पण जरा बाजूला उभ्या राहता का? माझी मुलगी यायचीय. सहा वर्षांनी खोलीबाहेर पडतेय पोरगी. मी तिच्या दाराशी जे ठेवतो, तेच चित्रात या गुनोबेला खायला घालतो, आणि ती रोज चित्राखाली लिहिते. नक्की येईन म्हणालीय."