टेकडीचा निकाल

पंचांनी आज घोटाळा केलाच. दोन हातांत दोन किटल्या धरून दोन्ही मेजरांचे कप एकदम भरायचे, ही या बैठकीची जुनी रीत. एक मेजर टेकडीच्या अलीकडच्या देशाचे, दुसरे पलीकडच्या. कुणाला आधी, कुणाला मागून, हा वादच नको. पण आज मुख्यालयातून तपासनीस बाई आल्या होत्या. पंचांचा डावा हात अडखळला आणि जाड्या मेजरांचा कप आधी भरला.

"हा उघड पक्षपात आहे," लुकडे मेजर म्हणाले.

"असू दे की. आधी तोंड माझंच भाजणार आहे," जाडे मेजर म्हणाले.

झालं. पुढची सगळी बैठक चहावरच गेली आणि टेकडी राहिली बाजूला.

टेकडी कुणाची, एवढा एकच प्रश्न सोडवायला शांतिसेनेनं पंचांना इथं बसवलं होतं. त्यांच्या डोक्यावरचे केस गेले, प्रश्न होता तिथंच होता. आता हे ठाणं ठेवायचं की बंद करायचं, ते बाई ठरवणार होत्या. पंच सकाळपासून मनाशी हिशेब मांडत होते. उभी हयात इथं घातली आणि पदरात काय, तर भोपळा.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, तुमच्याकडे कपाचा निकाल लागत नाही, टेकडीचा काय लागणार? तुम्ही आल्यापासून वीतभर जमीन तरी ठरली का?"

"नाही," पंच म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"मग टाळं लावलेलं बरं."

दोन्ही मेजरांनी एकदमच मान हलवून नकार दिला. असं या खोलीत कधी होत नसे.

जाड्या मेजरांनी कप बशीत ठेवला. "बाई, या टेकडीपायी माझे आजोबा गेले. वडील गेले. धाकटे काकाही गेले. सगळे ऐन तिशीत. मी पुढच्या महिन्यात पेन्शनीत निघतोय. आमच्या घराण्यातला पहिलाच."

पंचांना वर बघवेना. इतकी वर्षं एका टेबलाशी बसून त्यांना हे ठाऊक नव्हतं.

बाई लुकड्या मेजरांकडे वळल्या. "आणि तुमचं काय?"

"आमच्याकडेही तेच," लुकडे मेजर म्हणाले. "फक्त एवढं लिहून घ्या, मी यांच्या आठ दिवस आधी निघतोय."