टेबलावरची मोटर

लिफ्टची डीसी मोटर नव्याने वाइंडिंग भरूनही कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडवत होती. नवऱ्याने हात टेकले. मी मात्र इरेला पेटले. लिफ्ट बंद म्हणून सासूबाई कधीच्या सातव्या मजल्यावर घरातच अडकल्या होत्या.

शेवटी चोर सापडला: एका कॉइलची टोकं आम्हीच उलटी जोडली होती. ती बदलून मी तळघरातल्या टेबलावर मोटर चालू केली. ठिणगी औषधालासुद्धा नाही!

"जिंकलीस गं!" नवरा ओरडला. "चल, आता गच्चीवर नेऊन बसवू."

तेवढ्यात मागे लिफ्टचं दार उघडलं. सासूबाई नटूनथटून बाहेर आल्या.

"शाब्बास, सूनबाई! किती अलगद आणलंस!"

मी घाईघाईने बटण बंद केलं. टेबलावरची मोटर थांबली.

सासूबाईंमागे दार मिटलं आणि रिकामी लिफ्ट वर निघाली, कुणीतरी बोलावल्यासारखी.