पुसलेला फोटो

सोशल मीडियावर गाजलेल्या झुंबरचे व्हिडिओ मीच शूट करायचो, जाहिरातींचे फोटोही मीच काढायचो. कानातल्या लांबलचक डुलांवरून ते नाव पडलं होतं. फोटो काढताना झुंबरची एकच धमकी असायची, "मुरूम पुसलास तरी चालेल, पण काजळाला हात लावलास तर याद राख!"

झुंबर गेल्यावर झुंबरचा मोठा भाऊ आईला घेऊन माझ्या स्टुडिओत आला.

"भिंतीवर लावायला फोटो हवाय. जरा... चारचौघांत शोभेल असा," भाऊ म्हणाला.

हजारो फोटोंत तसा एकही निघाला नाही.

"मग पुसा की ते सगळं. तुमचं कामच आहे ना?"

मी मन घट्ट केलं. लिपस्टिक पुसली, डूल काढले, केस आखूड केले. काजळ सगळ्यात शेवटी पुसलं. स्क्रीनवर एक नीटनेटका मुलगा उरला.

"आता कसा आपल्या घरातला वाटतोय," भाऊ म्हणाला. "बघ ना, आई."

आई स्क्रीनजवळ आली.

"असा असता, तर घरातच राहिला असता रे."

मग ती माझ्याकडे वळली.

"बाळा, मी ज्याला घराबाहेर काढलं ना, त्याचा फोटो दे."