दोन बोटं

स्पर्धेच्या बेंचवर रेवती वजन उचलायला आडवी झाली, तशी दोरीपलीकडे उभ्या घोरपडे सरांची बोटं शिवशिवली. कोचला आत जायला मनाई होती.

रोज जिममध्ये ते तिच्या डोक्याशीच उभे असत. वजनाचा दांडा अडला, की खालून हळूच दोन बोटं लावत. "सर, हात लावलात?" असं तिनं विचारलं, की म्हणत, "छे गं, तूच उचललंस!" पोरीचा धीर खचू नये म्हणून.

आज तेवढंच वजन अर्ध्यावर अडलं. सरांची बोटं नुसत्या हवेत वर वर जात राहिली. ही तिची शेवटची संधी होती; तीही गेली.

ती रडतच बाहेर आली. "सर, रोज उचलते की हो मी! आज काय झालं मला?"

सरांनी हात खिशात घातले.

"नजर लागली गं कुणाची तरी."