बांगड्या भरणारा हात

हौसाबाईंच्या यांत्रिक हातानं निलोफरच्या मनगटावर शेवटची बांगडी चढवली. आज एकही पिचली नाही, निलोफरला कळही आली नाही. हौसाबाईंना बांगड्यांचं दुकान पुन्हा उघडता येणार होतं.

हात चालवणारं सॉफ्टवेअर निलोफरनंच लिहिलेलं आणि ते सगळ्यांना फुकट होतं. तिचं पोट चालायचं ते हाताला कुणाच्या तरी गरजेचं नवं काम शिकवण्याच्या मजुरीवर.

“मावशी, बांगड्या भरणं आता असल्या सगळ्याच हातांना येईल,” ती म्हणाली. “या फुकट सॉफ्टवेअरचा तसा नियमच आहे.”

“म्हणजे पैसे मी द्यायचे आणि उद्या कुणीही माझ्यासमोर दुकान थाटायचं?” हौसाबाई उसळल्या.

“तुमच्या हाताला पोळी लाटता येते ना? त्याचे पैसे जालन्याच्या एका खानावळवालीनं दिले होते. तान्ह्या बाळाला उचलणं बीडच्या एका बापानं शिकवून घेतलं.”

हौसाबाईंनी त्याच यांत्रिक हातानं बटवा उघडला. मग त्यांनी मजुरी पुढे केली.

“दे सगळ्यांना. आणि त्या बापाला कळव, माझी नात याच हातावर झोपते म्हणावं.”